धडकेच्या आधी

वडील गवंडी होते. त्यांची थापी, रंधा, गुण्या कुणीकुणी मागून नेलं. पितळी ओळंबा तेवढा माझ्याकडं राहिला. मी बास्केटबॉलची पंच. सामन्याच्या दिवशी तो माझ्या पिशवीत असतो, शिट्टी आणि खडूच्या डब्याशेजारी. कोल्हापुरातली शाळा-कॉलेजांची बरीच कोर्टं सिमेंटची, उघड्यावरची आणि जुनी. त्यांच्यावरचा रंगही जुन्या मापांचा. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर गेली आणि रिंगखाली एक छोटं अर्धवर्तुळ आलं. ते अर्धवर्तुळ यातल्या अनेक कोर्टांवर अजून उमटलेलं नाही. म्हणून मी तासभर आधी जाते. रिंगवर दोन सुतळ्या फुलीसारख्या ताणून बांधायच्या, फुलीच्या गाठीतून ओळंबा सोडायचा, तो स्थिर झाला की खाली खडूनं ठिपका करायचा. त्या ठिपक्यापासून १.२५ मीटर दोरी धरून अर्धवर्तुळ ओढायचं आणि त्याची दोन्ही टोकं एंडलाईनच्या, म्हणजे रिंगमागच्या कडेच्या रेघेच्या दिशेनं साडेसदतीस सेंटिमीटर सरळ न्यायची. दहा मिनिटांचं काम. वारा असला तर वीस.

पोरं भोवती जमतात. "मॅडम, ह्येचं काय काम?" मी सांगते. बॉल घेऊन हवेत उडालेला खेळाडू शॉट मारताना किंवा पास देताना डिफेंडरवर आदळला आणि डिफेंडरचं एक पाऊल जरी या अर्धवर्तुळात किंवा त्याच्या रेषेवर असलं, तर उडणाऱ्यावर चार्जिंग, म्हणजे अंगावर जाऊन आदळल्याचा फाऊल, देता येत नाही. रिंगच्या बरोब्बर खाली जाऊन उभं राहायचं, वरून येणाऱ्याला अंगावर पडू द्यायचं आणि फाऊल मिळवायचा, हे थांबावं म्हणून ही रेघ. कोर्टावरच्या बाकीच्या रेघा बॉलच्या आणि वेळेच्या हिशेबाच्या आहेत. 'इथं उभं राहायचा हक्क कुणाचा' या प्रश्नासाठी आखलेली ही एवढी एकच. बाकी त्या हक्काच्या सगळ्या सीमा जमिनीवर कुठंच दिसत नाहीत, त्या पंचानं डोळ्यांनी आखायच्या असतात. वीस वर्षांवर शिट्टी वाजवतेय, आणि अजून मला या कामाची सगळ्यात मोठी जोखीम हीच वाटते.

आमच्या गावात अंगाला अंग लागण्याचं कुणाला वावडं नाही. पेठेपेठेत तालीम. लहानपणी वडील मला खांद्यावर बसवून खासबागेत कुस्त्या बघायला न्यायचे. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते, रोमचं जुनं मैदान बघून आले आणि त्या धर्तीवर त्यांनी हे मैदान उभं केलं, असं वडील दर वेळी सांगायचे, जणू बांधकामावर स्वतः होते. गवंड्याच्या नजरेनं ते मला उतार दाखवायचे: कुठंही बस, पुढच्याचं डोकं आड येत नाही, हौद्यातली माती दिसतेच. आणि कुस्तीचा निकालही तसाच, कुणालाही दिसणारा. पाठ मातीला लागली, संपलं. जे घडलं ते शेवटच्या क्षणात घडलं आणि सगळ्या मैदानानं एकदम बघितलं. तीच नजर घेऊन आमची माणसं बास्केटबॉल बघायला येतात. दोघं धडकले, एक पडला, म्हणजे उभा राहिलेल्यानं पाडलं. शेवट बघितला की निकाल कळला. पण या खेळात धडकेचा निकाल धडकेत नसतोच. तो आधीच्या अर्ध्या सेकंदात लागलेला असतो, आणि धडक झाली तेव्हा तो अर्धा सेकंद निघून गेलेला असतो. ज्यानं तेव्हा बघितलं नाही त्याला नंतर काहीच दिसत नाही.

हा खेळ जन्मालाच आला तो धडका कमी करण्यासाठी. १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाला बंद हॉलमध्ये खेळता येईल असा खेळ हवा होता. त्यानं विचार केला तो असा: माणूस बॉल घेऊन पळतो म्हणून त्याला आडवं पाडावं लागतं, मग बॉल घेऊन पळूच द्यायचं नाही. आणि गोल जमिनीजवळ असला की बॉल जोरानं मारतात, मग तो डोक्याच्या वर टांगायचा. पहिले नियम तेरा. त्यांत खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय घालणं, मारणं या सगळ्यांना मनाई होती. मला त्यातला आणखी एक भाग फार मोलाचा वाटतो. त्यानं पंच दोन ठेवले आणि कामं वाटून दिली: अंपायरनं माणसांवर लक्ष ठेवायचं आणि फाऊल नोंदवायचे, रेफ्रीनं बॉलवर लक्ष ठेवायचं. माणसं बघणारा वेगळा, बॉल बघणारा वेगळा. दोन्ही एका डोळ्यानं होत नाही हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला कळायला दहा वर्षं लागली, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी भरली.

त्या सामन्याकडं येतेच. पण आधी 'जागा धरणे' म्हणजे काय ते नीट सांगायला हवं, कारण त्याबद्दल जितके गैरसमज आहेत तितके या खेळात दुसऱ्या कशाबद्दलही नसतील.

एसटी स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपल्याकडं रीत आहे. टोपी, पिशवी, वर्तमानपत्र, काहीही चालतं. माणूस नंतर येतो आणि रुमालाच्या जोरावर बसतो. बास्केटबॉलमध्ये रुमाल चालत नाही. हात पसरून, पाय फाकवून, ढुंगण मागं काढून, कोपर बाहेर ठेवून जागा धरता येत नाही. स्वतः येऊन बसावं लागतं. नियमाच्या भाषेत याला बचावाची कायदेशीर स्थिती म्हणतात आणि ती मिळवायच्या अटी फक्त दोन: तोंड बॉलवाल्याकडं, आणि दोन्ही पाय जमिनीवर. बस. त्या क्षणी ती जागा तुमची, जमिनीपासून छतापर्यंत.

आणि इथून पुढं लोकांचं चुकतं. गॅलरीतून हमखास ओरडा येतो, "हालत होता, हालत होता! ब्लॉक द्या!" ब्लॉक म्हणजे वाट अडवल्याचा, डिफेंडरवरचा फाऊल. अहो, हालू दे की. एकदा जागा मिळाली की डिफेंडरनं पुतळ्यासारखं थिजून राहावं असं नियम कुठंच म्हणत नाही. ती राखण्यासाठी तो बाजूला सरकू शकतो, मागं जाऊ शकतो, सरळ वर उडी मारू शकतो. सरकताना क्षणभर एक पाय, अगदी दोन्ही पाय उचललेले असले तरी चालतं. त्याला करता येत नाही ते एवढंच की बॉलवाल्याच्या दिशेनं पुढं जायचं. अशा वेळी धडक त्याच्या छातीवर, धडावर बसली, तर तो तिथं आधी होता असं धरलं जातं. दणका अंगावर बसणार म्हणून त्यानं स्वतःच्या जागेत अंग वळवलं, हात छातीशी घेतले, तरी त्याचा हक्क जात नाही. माणसानं स्वतःला वाचवलं म्हणून त्याला दोषी ठरवू नये, एवढी माणुसकी नियमात आहे. उलट बॉलवाला खांदा काढून पुढं निघून गेला आणि मग डिफेंडरची मांडी किंवा कंबर त्याला आडवी आली, तर ती धडावर बसलेली धडक नव्हे. तो ब्लॉक.

बॉलवाल्याला अंतराची सवलत नाही. बॉल हातात आहे तोवर कुणीही, कुठल्याही क्षणी समोर येईल हे त्यानं गृहीत धरायचं आणि थांबायची किंवा वळायची तयारी ठेवायची. बॉल नसलेल्याची गोष्ट निराळी. तो कदाचित बॉलकडं बघत पळतोय. त्याच्या वाटेत अचानक उभं राहता येत नाही, त्याच्या वेगाप्रमाणं एक ते दोन पावलांचं अंतर द्यावं लागतं. मला हा फरक फार न्यायाचा वाटतो. ज्याच्या हातात सगळं आहे त्यानंच सगळ्यात जास्त सावध राहायचं.

शाळेत मुलांना शिकवताना 'सिलिंडर' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं घरातला गॅस येतो, आणि ते बरंच आहे. प्रत्येक खेळाडू एका न दिसणाऱ्या उभ्या टाकीत उभा आहे असं समजायचं. पुढून तळहातांपर्यंत, मागून ढुंगणापर्यंत, बाजूंनी हातापायांच्या बाहेरच्या कडांपर्यंत. पुढं घेतलेले हातसुद्धा पाय आणि गुडघे असतील त्याच्या पुढं जायचे नाहीत, कोपरात वाकलेले हवेत. मग मी पिशवीतला ओळंबा काढते. एका मुलाला हात वर करून उभा करते, त्याच्या बोटांपासून ओळंबा सोडते आणि म्हणते, आता उडी मार. सरळ उडाला तर दोरी अंगाला लागून खाली येते. पुढं झुकला की दोरी आणि पोट यांच्यात हवा शिरते. त्या हवेत जर समोरच्याचा हात आला, तर ती हवा तुझी नव्हती, त्याची होती. वडील भिंत अशीच तपासायचे. वीट पुढं आली असेल तर डोळ्याला आधी कळत नाही, ओळंब्याला कळतं.

म्हणून शॉट मारणारा ज्याच्या अंगावर जाऊन पडला तो डिफेंडर सरळ उभा उडालेला असला, तर त्याचा फाऊल नाही, मग शॉट मारणारा दोन हात लांब जाऊन पडो. हे पचवणं प्रेक्षकांना सगळ्यात अवघड जातं. मलाही सुरुवातीला जायचं. पडलेल्या माणसाकडं बघून शिट्टीवरचे ओठ आपोआप घट्ट होतात.

एक गोष्ट मात्र मी कधीच सैल सोडत नाही. हवेत उडालेल्याच्या खाली जाणं. जिथून उडाला तिथं परत उतरण्याचा हक्क त्याला आहे, आणि पुढं ज्या जागी तो उतरणार ती जागा त्यानं पाय उचलला तेव्हा मोकळी असेल तर तिथंही आहे. पाय जमिनीवरून सुटल्यावर त्याला ना थांबता येतं ना वळता येतं. तेव्हा तुम्ही वाटेत शिरलात तर तोंड समोर होतं, दोन्ही पाय टेकलेले होते, यातलं काहीच कामाला येत नाही. उशीर झाला. आणि मुद्दाम खाली पाय सरकवला असेल तर साधा फाऊल देऊन भागत नाही, तो खेळाडूवृत्तीला सोडून केलेला फाऊल, प्रसंगी बाहेरच काढायचा. आमची कोर्टं सिमेंटची आहेत. लाकडी कोर्टावर घोटा मुरगळतो, इथं मोडतो. मी दोन मोडताना बघितलेत, आवाजासकट.

आता तो सामना.

मुलींचा होता, आंतरमहाविद्यालयीन, अंतिम. अर्धवर्तुळाचा नियम येऊन दोन-तीन हंगाम झाले असतील. कोर्टावर ते आखलेलं नव्हतं आणि आखून घ्यावं हे मला सुचलं नव्हतं. जानेवारीतली संध्याकाळ, सिमेंटवर बारीक धुळीचा थर. शेवटच्या क्वार्टरची दोनेक मिनिटं राहिलेली, फरक एका गुणाचा. आघाडीवर असलेल्या संघाची एक उंच, शांत मुलगी होती. चार फाऊल झालेले तिचे, पाचव्याला बाहेर. चार फाऊल झाल्यावर बहुतेक खेळाडू हात मागं बांधल्यासारखे खेळतात, ही तशी नव्हती. समोरच्या संघाची गार्ड त्या दिवशी कुणालाच आवरत नव्हती. तिनं उजवीकडून मुसंडी मारली. मी एंडलाईनला होते, लीडच्या, म्हणजे रिंगजवळच्या पंचाच्या जागी. ती झेपावली, दोघी धडकल्या, दोघी पडल्या, बॉल बोर्डाला लागून आत गेला.

शिट्टी माझी. मूठ वर, मग दोन्ही हात कमरेवर. ब्लॉक. बास्केट धरला, वर एक फ्री थ्रो. त्या मुलीचा पाचवा फाऊल.

ती उठली. आमच्याकडं मुलीही 'मी आलो', 'मी गेलो' असंच म्हणतात, मीसुद्धा घरी तसंच बोलते. ती म्हणाली, "मॅडम, मी थांबलेलो." आवाज चढवला नाही. मी मान हलवली आणि टेबलाकडं जाऊन तिचा नंबर दाखवला. वळून बघते तर ती बेंचकडं गेलेली नव्हती. ती परत रिंगसमोर गेली होती आणि जिथं होती तिथं दोन्ही पाय ठेवून उभी होती. धुळीत बुटांचे दोन ठसे होते, कडा न फाटलेले, न घासलेले, आणि ती त्या ठशांत बूट ठेवून माझ्याकडं बघत होती. दोन-तीन सेकंद. मग गेली.

सरकत आली असती तर धूळ ओढली गेली असती, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. ती आत होती की सव्वा मीटरच्या बाहेर हे तेव्हाही सांगता आलं असतं, कुणी दोरी धरली असती तर. माझा जोडीदार पंच वरच्या बाजूला, ट्रेलला, म्हणजे खेळाच्या मागं राहणाऱ्या पंचाच्या जागी होता. त्याला जाऊन विचारता आलं असतं, निदान टेबलाकडं जायच्या आधी. मी विचारलं नाही. फ्री थ्रो चुकीच्या खेळाडूला दिला गेला तर ती चूक दुरुस्त करायची तरतूद नियमात आहे, पंचाच्या नजरेची चूक दुरुस्त करायची नाही. फ्री थ्रो झाला. तिचा संघ तीन गुणांनी हरला. स्कोअरशीटवर तिच्या नावापुढचा पाचवा चौकोन वैयक्तिक फाऊलच्या 'पी'नं भरलेला, शेजारी फ्री थ्रोचा बारीक एक, आणि खाली माझी सही.

सर प्रेक्षकांत होते. ज्यांच्या हाताखाली मी शिट्टी धरायला शिकले ते. सामन्यानंतर बाहेर चहाच्या गाड्यावर उभे होते, माझा कप सांगून ठेवलेला. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं,

"तिचं पाय कुठं हुतं?"

"सर, ती उशिरा आली."

"उशिरा का येळंवर ते मी इचारलंच न्हाई. पाय कुठं हुतं?"

मला सांगता येईना. मी डोळे मिटून बघितलं. गार्डचा चेहरा आठवत होता, तिच्या हातातला बॉल, तिचा उडालेला गुडघा, सगळं. दुसरी मुलगी आठवत होती ती धडकेपासून पुढं. त्याआधी ती कुठंच नव्हती.

"मग बघत हुतीस कुणाकडं?"

"बॉलकडं."

"बॉल फाऊल करत न्हाई, पोरी," ते म्हणाले. रागावले नव्हते. "जे बघितलंच न्हाईस त्याच्यावर शिट्टी मारलीस तू. ती पडलेली दिसली आन् बाकीचं तू मनानं रचलंस."

हे वाक्य मी तेव्हाही बरोबर ऐकलं आणि अजून रोज ऐकते. चुकीचं बघणं वेगळं आणि न बघता ठरवणं वेगळं. पहिली चूक कुणाच्याही हातून होते. दुसरीत मात्र ज्यानं काही केलं नाही त्याच्या नावावर आपण एक गोष्ट लिहून टाकतो.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी मला सरावाला बसवलं. संध्याकाळी मुलांची प्रॅक्टिस चालायची, मी एंडलाईनच्या मागं, शिट्टी नाही, वही नाही. काम एकच. कुणी बॉल घेऊन रिंगकडं निघाला की त्याच्याकडं बघायचं नाही, त्याच्यापुढं कोण येतंय ते शोधायचं, आणि त्याचे दोन्ही पाय टेकले त्या क्षणी मोठ्यानं म्हणायचं, "पाय." पहिले दोन दिवस मी धडक झाल्यावर "पाय" म्हणत होते. मान आपोआप बॉलमागं फिरायची. लहानपणापासून तेच तर केलेलं, बॉलमागं मान. चौथ्या दिवशी केव्हातरी "पाय" आधी आलं आणि धडक मागून आली. त्या एका क्षणाचं मला अजून अप्रूप वाटतं. काळ थोडा रुंद झाल्यासारखं वाटलं. मग सरांनी दुसरा शब्द दिला, "तोंड." मग तिसरा, "धड." पाय टेकले का, तोंड समोर आहे का, लागलं ते धडावर का. पाय, तोंड, धड. मुलं आधी हसायची, मग डिफेन्स करणारा पोरगा स्वतःच "पाय!" म्हणून ओरडायला लागला, मग सगळेच.

त्याच महिन्यात त्यांनी मला शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला पाठवलं, तालमींच्या संघांचा सामना, गॅलरी ओसंडून वाहत असलेली. अट अशी की पूर्ण वेळ बॉलकडं बघायचं नाही. एक डिफेंडर निवडायचा आणि फक्त त्याला बघायचं. भोवती दहा हजार डोळे एकीकडं फिरत असताना आपले दुसरीकडं ठेवणं किती कठीण आहे ते करून बघावं कुणीतरी. गोल झाला तेव्हा मला तो आवाजावरून कळला. पण त्या नव्वद मिनिटांत त्या पोरानं काय काय केलं ते मी आजही सांगू शकेन. किती वेळा तो योग्य जागी पोचला आणि बॉल तिकडं आलाच नाही. कुणी टाळी वाजवली नाही. बचाव करणाऱ्याचं बहुतेक चांगलं काम असंच, काहीच न घडल्यासारखं दिसतं.

नुसतं कुणाकडं बघायचं हे कळूनही भागत नाही, कुठून बघायचं तेही पायांनी शोधावं लागतं. दोघं खेळाडू आणि मी एका रेषेत आलो की मला एक पाठ दिसते आणि तिच्यामागं काय चाललंय ते कळत नाही. दोघांमधली फट दिसली पाहिजे. त्यासाठी बऱ्याचदा एकच पाऊल लागतं, डावीकडं किंवा उजवीकडं. त्या सामन्यात मी फटीच्या बाजूला नव्हते हेही मला नंतर आठवून आठवून कळलं. आता ड्राईव्ह, म्हणजे रिंगकडची मुसंडी, सुरू होताच माझा पाय आधी हलतो. गुडघे कुरकुर करतात अलीकडं, विशेषतः पावसाळ्यात, पण ते पाऊल मी सोडलेलं नाही.

डोळा डिफेंडरवर राहायला लागला की आणखी पुष्कळ दिसतं. धक्का लागायच्या आधीच पडणारा दिसतो. छातीला वारा लागला आणि हा दोन्ही हात फेकून पाठीवर! पडण्याच्या नाटकाला नियमात टेक्निकल फाऊल आहे, आणि तो देताना मला जराही जड जात नाही, कारण खरोखर जागेवर उभं राहून छातीवर दणका घेणाऱ्याचा विश्वास ही नाटकंच खातात. आणि असे असंख्य स्पर्श दिसतात ज्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. दहा माणसं २८ बाय १५ मीटरमध्ये पळणार म्हणजे अंग लागणारच. ज्या स्पर्शानं कुणाला गैर फायदा झाला नाही, कुणाचं नुकसान झालं नाही, त्याला शिट्टी नाही. पूर्वी मी शिट्टी लवकर वाजवायची, आता धडक सुरू कशी झाली, वाढली कशी, संपली कशी, हे पूर्ण होऊ देते आणि मग. एवढा वेळ लोक गप्प बसत नाहीत. बसू नयेत, त्यांनी तिकडं ओरडायलाच यावं. मी इकडं बघायला आलेय.

ती मुलगी पुढच्या हंगामात दिसली नाही. तिचं शेवटचं वर्ष होतं, असं कुणीतरी म्हणालं. ओळंबा मी त्या उन्हाळ्यात माहेरच्या माळ्यावरून काढला.

गेल्या महिन्यात पुरुषांचा एक सामना होता, रात्रीचा, हॅलोजनखाली. अर्धवर्तुळ दुपारीच आखलेलं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये एक दणकट फॉरवर्ड डावीकडून सुटला, आणि त्याच्यापुढं एक काटकुळा पोरगा आला. पाय. तोंड. फॉरवर्ड अंगावर येतोय म्हणताना पोरगा मागं सरकला, एक पाऊल, मग दुसरं, पाय हलत होते, पण दिशा सगळी मागं. मी उजवीकडं एक पाऊल टाकलं तशी दोघांमध्ये फट उघडली. खडूची रेघ त्याच्या टाचेमागं वीतभर. मग फॉरवर्ड उडाला, बॉल अजून हातातच, आणि त्याचा खांदा पोराच्या छातीवर बसला. धड. पोरगा उताणा सिमेंटवर.

शिट्टी, मूठ वर. मूठ तळहातावर आपटली आणि दुसऱ्या दिशेला दाखवली. चार्जिंग. सगळी गॅलरी उठली. फॉरवर्ड हात पसरून माझ्यासमोर आला, घामानं निथळत, खरोखर दुखावलेला.

"मॅडम, हालत हुता की त्यो!"

"हालत होता," मी म्हणाले. "मागं."

तो पोरगा उठून कोपर झाडत होता. मी टेबलाकडं गेले, नंबर सांगितला, आणि एंडलाईनवर येऊन बॉल त्यांच्या हातात दिला.